दाढेचा पू की जबड्याच्या हाडाचा कर्करोग?

गाल सुजला, दाढ ठणकतेय, जराशी हलतेय. गोव्यात पेडणे असो वा सत्तरी, घरात पहिल्यांदा हेच बोललं जातं : दाढेला पू झालाय. बहुतेक वेळा ते खरंच असतं. पण क्वचित हीच तक्रार जबड्याच्या हाडातल्या ऑस्टिओसार्कोमाची असते. हा कर्करोग मुळातच दुर्मीळ, त्यात जबड्यात होणारे जेमतेम ६ ते ७ टक्के. हातापायांत तो बहुधा वाढत्या वयाच्या मुलांना गाठतो, जबड्यात मात्र तिशी-चाळिशीत. त्या वयात दाढदुखी नवलाची नसते, म्हणून फसायला होतं.

पू झालेली दाढ सहसा किडलेली असते, आतून मेलेली. गार लावलं तरी तिला कळत नाही. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळसर डाग दिसतो. रूट कॅनल केलं किंवा दाढ काढली की सूज काही दिवसांत उतरते.

ऑस्टिओसार्कोमात दाढ पुष्कळदा धडधाकट असते. गार लागलं की झिणझिणते, तरीही हलते. अशा वेळी एक्स-रेमधली एक बारीक गोष्ट बघायची. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये केसाएवढी काळी रेघ असते. ती एक-दोन दातांभोवती दोन्ही बाजूंनी सारखी रुंद झालेली असेल, तर संशय घ्यायलाच हवा. १९६७ साली गॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी ही खूण नोंदवली. पायोरियातही रेघ रुंदावते, पण तिथे हिरडीही खराब असते. पुस्तकातल्या एक्स-रेत दाखवतात त्या हाडातून सूर्यकिरणांसारख्या फुटणाऱ्या रेघा प्रत्येक रुग्णात दिसत नाहीत, त्यांची वाट पाहू नये.

खालचा ओठ, हनुवटी बधीर झाली तर? हाडात जंतुसंसर्ग पसरला तरी असं होतं, म्हणून एवढ्यावरून निदान होत नाही. पण ‘दाढेमुळेच असेल’ म्हणून सोडूनही देऊ नये.

सर्वांत वाईट वाटतं ते पुढच्या प्रकाराचं. दाढ काढली, खड्डा भरत नाही, तिथून मांस वर येतंय, आणि रुग्ण गोळ्यांचा आणखी एक कोर्स घेत बसलाय. तिथे बायोप्सीच, म्हणजे तुकडा काढून तपासणीच हवी. बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय आहे, गोमेकॉ म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयही आहे. जुने-नवे सगळे एक्स-रे बरोबर न्यावेत. तुकडा खोलातून घ्यावा लागतो, वरवरच्या तुकड्यात नुसती सूजच दिसू शकते. कर्करोगाच्या पेशी स्वतः कच्चं हाड तयार करताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या की निदान पक्कं होतं. सुई-चाकू लागला की रोग पसरतो, या भीतीने बायोप्सी टाळू नका. या रोगाचा मुख्य उपचार शस्त्रक्रिया, आणि गाठ लहान असेल तेव्हाच ती कडेच्या निरोगी हाडासकट पूर्ण काढणं सोपं जातं.