चर बुजवण्याआधी आमचा माणूस येऊन जाऊ द्या

बॉयलर मागच्या आवारात आणि तिथून जमिनीखालून खोल्यांपर्यंत गरम पाण्याची लाइन, असं काम पाचगणी-महाबळेश्वर भागातल्या लॉज आणि होमस्टेसाठी आम्ही नेहमी करतो. बहुतेक मालकांचा प्रश्न एकच असतो: "पाइप टाकून झाला ना, मग चर उघडा कशाला ठेवलाय?"

सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाण्याच्या प्लास्टिक पाइपचा, जोड सोल्युशन लावल्यावर लगेच धरल्यासारखा वाटतो, पण प्रेशर देण्याआधी आम्ही त्याला 24 तास देतो. मग हातपंपाने प्रेशर चढवायचं, गेजवरचा आकडा लिहून ठेवायचा आणि लाइन रात्रभर तशीच सोडायची. सकाळी काटा उतरलेला दिसला, तर एकेका एल्बोवरून, सॉकेटवरून कोरडं बोट फिरवून ओल शोधायची. त्यासाठी जोड उघडेच हवेत. सरळ पाइपवर इन्शुलेशन, म्हणजे ऊब धरून ठेवणारं वेष्टन, आधी चढतं, जोडांवर टेस्ट झाल्यावर. आमच्या दोन फेऱ्या त्यासाठीच असतात, आणि दुसरीचे पैसे वेगळे लावत नाही.

गेल्या मे महिन्यात एका लॉजवर पेव्हर ब्लॉकवाले खोळंबले होते, म्हणून मालकांनी आम्ही पोचण्याआधीच मुरूम लोटून घेतला. जुलैत फोन आला: बॉयलर दिवसभर पेटतोय, तरी शेवटच्या खोलीत पाणी कोमट. ब्लॉक उचलून खणलं, तर गळती कुठेच नव्हती. चार जोड मात्र उघडे राहिले होते. तिथून पावसाचं पाणी शिरून पाइप आणि इन्शुलेशनच्या मधल्या फटीतून वाहत होतं आणि पाइपची सगळी ऊब सोबत घेऊन जात होतं. आमचं काम एका दिवसाचं होतं, पण अंगण पूर्ववत व्हायला आठवडा गेला, तोही भर पावसात.

इन्शुलेशन ऊब धरतं ते आत कोंडलेल्या हवेमुळे. स्थिर हवेपेक्षा पाणी 20 पटींहून जास्त उष्णता वाहून नेतं. म्हणून जमिनीखाली पाणी शोषणारं ग्लासवुल (काचेच्या तंतूंची लोकर) आम्ही वापरतच नाही. नायट्राइल रबर वापरतो, आणि पाणी साचणाऱ्या जागी वरून प्लास्टिकचं आवरण असलेला तयार पफ पाइप (भोवती कडक फोम भरलेला) सुचवतो. तो महाग पडतो, हे खरं आहे. पण इथला पाऊस पाहता, खर्च झेपत असेल तर तोच घ्या.

पाइप मुद्दाम वळवून टाकलेला दिसला, तर गवंड्याला तो सरळ करू देऊ नका. 40 मीटरची सीपीव्हीसी लाइन 25 अंशांवरून 65 अंशांवर गेली की सुमारे 10 सेंटीमीटर वाढते. ती वाढ त्या वळणात सामावते. वळणाला काँक्रीटने जखडलं, तर ताण जोडावर येतो.

"सकाळी पहिली बादली गारच येते," ही तक्रार इन्शुलेशनची नाही. एक इंची पाइपात मीटरमागे साधारण अर्धा लिटर पाणी मावतं, म्हणजे 40 मीटरमध्ये 20 लिटर. रात्रभर थांबलेलं ते पाणी आधी बाहेर येणारच. ते नको असेल तर गार झालेलं पाणी बॉयलरकडे परत नेणारी रिटर्न लाइन आणि छोटा पंप बसवता येतो, पण चर उघडा असतानाच ठरवा. नंतर त्याच कामासाठी सगळं पुन्हा खणावं लागतं.

मुरूम टाकायच्या आदल्या दिवशी फोन करा. आमचा माणूस जोड गुंडाळून, वाळू पसरून, मोजपट्टी ठेवून चराचे फोटो काढेल आणि तुम्हाला देईल. पुढे झाड लावताना किंवा जेसीबी बोलावताना ते फोटो ड्रायव्हरला दाखवा. मेअखेरीस आमच्याकडे फार गर्दी असते, तेव्हा तारीख एप्रिलमध्येच सांगून ठेवा.