निमंत्रण, पाहुणचार आणि प्रलोभन : गोव्यातील ख्रिस्ती सुवार्ताप्रसाराची पार्श्वभूमी

ओळखीच्या माणसाने घरच्या प्रार्थनेला बोलवावे, आलेल्याचे तेथे आपलेपणाने स्वागत व्हावे आणि त्या सहवासातून हळूहळू त्याची श्रद्धा घडावी, ही सुवार्ताप्रसाराची रीत गोव्यात ठळकपणे दिसू लागली ती अलीकडच्या काही दशकांत. येथील कॅथलिक परंपरेच्या अंगवळणी ती कधी पडली नव्हती. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या मुलखात, सोळाव्या शतकातील धर्मांतर बरेचसे गावाच्या आणि गांवकरीच्या (गावाच्या जमिनी सामायिकपणे सांभाळणाऱ्या संस्थेच्या) पातळीवर झाले. १५६७ च्या प्रांतिक धर्मपरिषदेने धमकी व दहशत यांच्या बळावर कोणाला बाप्तिस्मा देणे गैर ठरवले खरे, परंतु त्याआधीच तिसवाडीतील देवळे पाडली गेली होती, १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणारे चर्चचे न्यायालय, सुरू झाले होते आणि हिंदूंच्या सार्वजनिक आचारांवर निर्बंध येत होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या काबिजादी पोर्तुगिजांकडे आल्या, तेव्हा तेथील रहिवाशांना धर्मपालनाची हमी देण्यात आली. त्यामुळे फोंडा, पेडणे, सत्तरी या भागांचे धार्मिक रूप फारसे पालटले नाही आणि ख्रिस्ती असणे ही गोव्यात प्रामुख्याने जन्माने मिळणारी ओळख राहिली. २०११ च्या जनगणनेत राज्याच्या लोकसंख्येत ख्रिस्ती समाजाचे प्रमाण सुमारे २५ टक्के होते.

याचा अर्थ निमंत्रण नव्हते असा नाही. घरोघर फिरणारी सायबीण (मारिया मातेची मूर्ती), वाड्यावरच्या खुरसाजवळचे (क्रुसाजवळचे) लादीन म्हणजे सामूहिक प्रार्थना, फेस्ताचे (चर्चच्या सणाचे) जेवण यांना हिंदू शेजारी पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहेत आणि म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला तेल वाहणाऱ्यांत हिंदूंची संख्या मोठी असते. मात्र या बोलावण्यामागे शेजारधर्म होता. पाहुण्याने धर्म बदलावा ही अपेक्षा त्यात नव्हती. खुद्द चर्चच्या आतले स्वागतही सर्वांना सारखे नव्हते, कारण फेस्त साजरे करण्याचा मान असलेल्या कोंफ्रारियांमध्ये (चर्चशी जोडलेल्या धार्मिक बंधुसंघांमध्ये) जातीची उतरंड टिकून राहिली. सासष्टीतील काही गावांत त्यावरून अजूनही वाद होतात. स्वागतशील मंडळीविषयी, म्हणजे चर्चच्या समुदायाविषयी, बोलताना ही बाब सहसा झाकली जाते, ती झाकली जाऊ नये.

वैयक्तिक निमंत्रणाच्या पद्धतीची वैचारिक मांडणी बाहेर झाली, पण तिचे मूळ बरेचसे भारतीय आहे. मध्य प्रांतात अनेक वर्षे काम केलेल्या एका अमेरिकन मिशनऱ्याने १९५५ साली असे मांडले, की परक्या उपदेशकापेक्षा नातलग आणि सोयरे यांच्यामार्फत श्रद्धा अधिक सहजपणे पोहोचते. यातून मंडळ्या जातीजातींत विभागल्या जातील, हा त्यावरचा आक्षेपही लवकरच पुढे आला. महाराष्ट्रात त्याच्याही आधी, १९१७ साली, एका ख्रिस्ती मराठी कवीने साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला होता. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात स्थान होते. स्वागत आधी आणि विधी नंतर, किंवा विधी नाहीच, हा विचार मराठीत इतका जुना आहे. कॅथलिक बाजूने १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कोणावरही श्रद्धेची सक्ती करण्यास किंवा गैर क्लृप्त्यांनी कोणाला ओढण्यास स्पष्ट मनाई केली. १९९० साली आशियाई बिशपांनी बांडुंग येथे ‘समुदायांचा समुदाय’ ही कल्पना पुढे ठेवली. गोव्यात वाड्यावाड्यांवर भरणाऱ्या लहान ख्रिस्ती समुदायांना तिचा आधार मिळाला, तरी हे समुदाय मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच होते. बोलक्या प्रार्थना, आजाऱ्यासाठी एकत्र याचना आणि नवख्याची नावानिशी विचारपूस यांची उणीव भरून काढली ती नव्या, कॅथलिकेतर गटांनी. गोव्यात त्यांना सरसकट ‘बिलिव्हर्स’ म्हणतात. त्यांच्याकडे वळणाऱ्यांत जन्माने कॅथलिक असलेले पुष्कळ असतात, हे धर्मांतराच्या चर्चेत क्वचितच सांगितले जाते.

या निमंत्रणाला कायद्याची चौकट मिळाली ती सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी १९७७ च्या निकालाने, आणि आजचा गोंधळ समजण्यासाठी तो निकाल बारकाईने पाहावा लागतो. बळजबरीने, फसवून किंवा प्रलोभन दाखवून केलेल्या धर्मांतराला बंदी घालणारा ओडिशाचा १९६७ चा आणि मध्य प्रदेशाचा १९६८ चा कायदा त्यात एकत्र तपासला गेला. ओडिशा उच्च न्यायालयाने प्रलोभनाची व्याख्या अतिव्यापक असल्याचे म्हणत तो कायदा रद्द केला होता, तर मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने आपल्या राज्याचा कायदा उचलून धरला होता. पाच न्यायाधीशांच्या पीठाने दोन्ही कायदे वैध ठरवले. संविधानाच्या अनुच्छेद २५ मधील प्रसाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून तो पोहोचवण्याचा हक्क, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असे पीठाने सांगितले, कारण तसा हक्क मानला तर समोरच्याच्या सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यावर घाला पडेल. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये ‘प्रसार’ हा शब्द ठेवावा की नाही यावर वाद होऊन तो ठेवला गेला होता; त्या चर्चेला निकालात पुरेसे वजन मिळाले नाही, अशी टीका घटनातज्ज्ञांनी केली. माझ्या मते निकालातील खरी पोकळी वेगळीच आहे. समजावणारा एक आणि समजून घेणारा दुसरा, असे चित्र त्याने गृहीत धरले. प्रार्थनेनंतरचे जेवण, रुग्णालयापर्यंतची सोबत, परगावाहून आलेल्या मजुराच्या मुलाची शिकवणी यांतून श्रद्धा घडते तेव्हा उपदेश कोठे संपतो आणि भौतिक लाभ कोठे सुरू होतो, हे सांगण्याची कसोटी त्यात नाही. आपला धर्म निवडणे हा प्रौढ व्यक्तीच्या स्वायत्ततेचा भाग आहे, असे २०१८ साली त्याच न्यायालयाने म्हटले, परंतु ते ऐकणाऱ्याच्या बाजूने. बोलावणाऱ्याची मर्यादा त्याने ठरत नाही.

शेजारच्या कर्नाटकाने २०२२ च्या धर्मांतरविरोधी कायद्यात प्रलोभनाच्या व्याख्येत भेटवस्तू आणि नोकरी यांच्याबरोबर धार्मिक संस्थेच्या शाळेतील मोफत शिक्षण, अधिक चांगल्या राहणीमानाचे आश्वासन आणि दैवी अवकृपेचे भय यांचाही समावेश केला. गोव्यात असा स्वतंत्र कायदा २०२५ च्या मध्यापर्यंत तरी झाला नव्हता. बार्देशातील प्रार्थनासभांविरुद्धच्या तक्रारी वैमनस्य पसरवणे, धार्मिक भावना दुखावणे अशा सर्वसाधारण फौजदारी कलमांखाली नोंदवल्या गेल्या. कर्नाटकासारखा कायदा येथेही व्हावा, ही मागणी त्यानंतर वाढली. तो कायदा झाला, तर सभेनंतर वाढलेले जेवण कोणत्या बाजूला पडते, हे पहिल्यांदा एखाद्या पोलीस ठाण्यातच ठरेल.