बर्फाखाली गुदमरणारे मासे

अमेरिकेतल्या मिनेसोटात एप्रिलच्या आगेमागे बर्फ वितळला, की काही तळ्यांच्या काठाला मेलेले मासे लागतात. आमच्या वसाहतीमागच्या तळ्यावर पहिल्यांदा ते दिसले, तेव्हा कोणीतरी पाण्यात विष कालवलं असावं असंच मला वाटलं. सुकलेल्या पाणकणसांत अडकलेली पांढरी पोटं, त्यांत तळहाताएवढे सनफिश सगळ्यात जास्त. ते मेले होते भर हिवाळ्यात. गारठलेल्या पाण्यात कुजायला वेळ लागतो आणि वरून बर्फाचं झाकण, त्यामुळे आम्हाला पत्ता लागला तो थेट वसंतात.

थंडीने हे मासे मरत नाहीत. पाणी 4 अंशांना सर्वांत जड असतं, म्हणून गोठलेल्या तळ्याच्या बुडाशी माशांपुरती ऊब राहते. शून्याजवळच्या लिटरभर पाण्यात साधारण 14 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. 30 अंशांच्या पाण्यात जेमतेम त्याच्या निम्मा. म्हणजे हिवाळा सुरू होताना कोठार भरलेलं असतं. बर्फ धरला की हवेतून येणारी भर थांबते. तरी नितळ बर्फातून ऊन आत जातं, शेवाळ थोडाफार ऑक्सिजन तयार करत राहतं. त्यावर भुसभुशीत हिमाचा जाड थर साचला की खाली काळोख. आणि तळाच्या गाळात पानगळीतली पानं, मेलेल्या पाणवनस्पती कुजत असतात. ते कुजणं उरलेला ऑक्सिजन खात जातं. तो 2 मिलिग्रॅमच्या खाली उतरला की सनफिश आणि बास आधी जातात. उथळ तळ्यात पाणीच थोडं, गाळ मात्र भरपूर.

हे मोजता येऊ लागलं 1888 नंतर, हंगेरीच्या लायोश विंक्लरने पाण्यातला ऑक्सिजन मोजायची सोपी रासायनिक पद्धत दिल्यावर. तीच वापरून बर्ज आणि ज्युडे या सरोवर-अभ्यासकांनी विस्कॉन्सिनची सरोवरं तपासली. त्यांचा अहवाल 1911चा. बर्फाखालच्या माशांच्या मरणाचा नीट छडा 1945 मध्ये ग्रीनबँक या संशोधकाने मिशिगनमध्ये केलेल्या अभ्यासात लागलेला दिसतो. पुढे कॉम्प्रेसरने तळाशी हवा सोडून बर्फात एक भोक उघडं ठेवायची पद्धत रुळली. मिनिआपोलिसच्या पावडरहॉर्न तळ्यातही हिवाळ्यात अशी हवा सोडली जाते. पण त्या भोकाभोवतीचा बर्फ पातळ राहतो, माणूस आत जाऊ शकतो; म्हणून मिनेसोटात त्यासाठी परवाना लागतो आणि धोक्याच्या पाट्या लावाव्या लागतात.

शहरातल्या तळ्यांचं दुखणं मात्र बरंचसं आपणच वाढवलेलं आहे. रस्त्यांचं आणि छपरांचं पाणी साठवायला गेल्या काही दशकांत वसाहतींबरोबर हजारो उथळ तळी खोदली गेली. त्या पाण्याबरोबर पानं, माती आणि लॉनच्या खतातला फॉस्फरस येतो. शेवाळ माजतं, मरतं, गाळात जातं. मिनेसोटाने लॉनच्या खतातल्या फॉस्फरसवर 2002 मध्ये निर्बंध आणले. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाचं वेगळंच. ते खारट, जड पाणी तळाशी बसून राहतं आणि एरवी वसंतात तळं ढवळून निघतं, ते नीट होत नाही.

मला सर्वांत जास्त टोचतं ते पुढचं. गोल्डफिश ऑक्सिजनशिवायही बराच काळ तग धरतो. लॅक्टिक आम्लाचं अल्कोहोल करून कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. घरच्या टाकीतला गोल्डफिश कोणी तळ्यात सोडला, तर सनफिश मेले तरी तो उरतो. 2021 मध्ये बर्न्सव्हिल शहराने आपल्या तळ्यात वाढलेल्या अशा भल्यामोठ्या गोल्डफिशचे फोटो दाखवून लोकांना हात जोडले होते. कार्पचंही तसंच. मिनेसोटा विद्यापीठातल्या बायर आणि सोरेन्सन यांना आढळलं, की ब्लूगिल हा सनफिशच कार्पची अंडी फस्त करतो. हिवाळ्यात तो मेला की कार्पची पिल्लं बिनधास्त वाढतात. मोठे कार्प तळ उकरतात, पाणी गढूळ करतात, गाळातला फॉस्फरस वर आणतात, आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच.

आमच्या गल्लीतल्या गटाराच्या जाळीवर ऑक्टोबरात मेपलच्या पानांचा ओला थर बसतो. तो मी आता फावड्याने काढून कंपोस्टमध्ये टाकते.