सुरनळी

सुरनळी (सुरनोळी असाही उच्चार आहे) : गोमंतकातील व त्याच्या दक्षिणेकडील किनारपट्टीतील सारस्वत घरांत होणारा जाड, लुसलुशीत, जाळीदार पोळा. तांदूळ, पोहे, ओले खोबरे आणि ताक एकत्र वाटून पीठ रात्रभर आंबवतात आणि सुरनळी तव्यावर एकाच बाजूने भाजतात. गूळ व हळद घातलेली गोड सुरनळी पिवळीधमक दिसते, साधी सुरनळी पांढरी. हिच्यात अंडे नसते, मैदा नसतो, उडदाची डाळही बहुधा नसते; तरीही ती पॅनकेकइतकी फुगते. ती कशी फुगते हे कळले की सुरनळी हाताला आलीच, म्हणून या नोंदीत त्यालाच सर्वांत अधिक जागा दिली आहे.

गोव्यात आठवडाभराची न्याहरी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलवरून येते. भोंगा वाजला की पाव, उंडे, पोळी, कांकणे हे पावाचे प्रकार घ्यायचे, कालची भाजी गरम करायची आणि कामाला लागायचे. सुरनळीला ही घाई चालत नाही. शनिवारी दुपारी तांदूळ भिजले, संध्याकाळी वाटले गेले, तर रविवारी सकाळी तवा तापवता येतो. म्हणून ती सुट्टीच्या दिवसाची, घरात सगळे असण्याच्या सकाळची न्याहरी ठरली. तव्यावर एका वेळी एकच होते आणि गरम असतानाच तिची खरी चव असते. त्यामुळे सगळ्यांनी एकदम पानावर बसण्यापेक्षा एकेकाने स्वयंपाकघरात येऊन खाण्याची पद्धत बहुतेक घरांत आपोआप पडते.

गोव्यातील तव्यावरच्या पदार्थांत सुरनळीची जागा नेमकी सांगायला हवी, कारण बाहेरचा माणूस सगळ्यांनाच डोसा म्हणून मोकळा होतो. घावन आंबवत नाहीत. त्याचे पीठ पाण्यासारखे पातळ आणि जाळी नाजूक असते. पेडणे आणि त्यापलीकडे सिंधुदुर्गात होणारी आंबोळी आंबवलेली असली तरी तिच्यात उडदाची डाळ असते आणि ती काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर शोभते. सान्ना तव्यावर होतच नाहीत, त्या वाफवतात. आळेबेळे हा गोव्यातील ख्रिस्ती घरांतला चहाच्या वेळचा पदार्थ : मैदा आणि अंड्याचा पातळ पोळा, आत ओले खोबरे आणि माडाचा काळा गूळ यांचे सारण, आणि मग गुंडाळी. आळेबेळ्याची गोडी सारणात असते, सुरनळीची पिठातच. पॅनकेकशी खरे नाते सुरनळीचेच, कारण दोन्ही जाड आहेत, दोन्ही पसरवायचे नसतात आणि दोन्हींचा जीव हवेच्या बुडबुड्यांत आहे.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात धर्मांतराचा जाच वाढला आणि अनेक सारस्वत कुटुंबे गोवा सोडून दक्षिणेकडे गेली. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन (चर्चचे धर्मन्यायालय) सुरू झाले, त्यानंतरही ही वाट वाहती राहिली. आज कारवार, उडुपी, मंगळुरू या पट्ट्यातील कोंकणी भाषक सारस्वत घरांतही सुरनळी तितक्याच आपुलकीने होते. तिथल्या आणि गोव्यातल्या सुरनळीत फरक आहे तो मेथी, खोबरे आणि गूळ यांच्या प्रमाणाचा. ताकात तांदूळ भिजवणे, पोहे घालणे आणि न उलटता भाजणे या तीन गोष्टी मात्र सगळीकडे सारख्या आहेत.

पीठ. दोन वाट्या सुरय तांदूळ, म्हणजे न उकडलेले. जेवणातले लाल उकडे तांदूळ यासाठी घेऊ नयेत, सुरनळी जड होते. तांदूळ जुना असला तर उत्तम. त्यात एक लहान चमचा मेथी घालून दोन-तीनदा धुवावे आणि दोन वाट्या ताकात चार-पाच तास भिजवावे. ताक घरचे, किंचित आंबट हवे. वाटायच्या पंधरा मिनिटे आधी एक वाटी जाडे पोहे धुऊन त्यातच टाकावेत. मग पाऊण वाटी ताजे खवलेले खोबरे आणि गोड करायची असेल तर अर्धी वाटी चिरलेला गूळ व पाव चमचा हळद घालून सगळे गुळगुळीत वाटावे. पूर्वी हे काम रगड्यावर होई. मिक्सरमध्ये करताना भांडे तापू देऊ नये, थांबत थांबत वाटावे. पीठ इडलीच्या पिठापेक्षा किंचित सैल, डोशापेक्षा दाट हवे. पळीतून ते धार धरून पडू नये, गोळ्यागोळ्यांनी सरकत उतरावे.

पोह्यांचे काम काय, हा प्रश्न नवख्याला नेहमी पडतो. तांदळात ग्लुटेन, म्हणजे गव्हातले चिवट प्रथिन, नसते. मैद्याच्या पॅनकेकमध्ये वायूला धरून ठेवणारी जी चिवट जाळी पीठ भिजताच तयार होते, ती इथे मिळत नाही. उडदाची डाळ असती तर तिने पिठाला बांधून ठेवले असते, तीही नाही. पोहे मात्र आधीच शिजलेले असतात : भात भिजवून, भाजून, चेपून ते होतात आणि त्या उष्णतेत त्यांतला स्टार्च फुगलेला असतो. वाटल्यावर तो पिठाला चिकट दाटपणा देतो. मेथीतला डिंकासारखा भाग त्यात भर घालतो. या दाटपणामुळे रात्रभर तयार होणारा वायू पिठातच अडकून राहतो. पोहे न घातलेली सुरनळी चवीला बरी लागेल, पण चपटी होईल. गोव्यात दिवाळीला नरकचतुर्दशीच्या पहाटे पोह्यांचे अनेक प्रकार होतात : दुधातले, ताकातले, रोसातले (नारळाच्या दुधातले), फोडणीचे. त्यानंतर घरात पोहे उरलेलेच असतात, आणि त्या आठवड्याची सुरनळी बहुधा वर्षातली सर्वांत चांगली असते.

आंबणे. ताकातले लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू आणि तांदळाबरोबर आलेले यीस्ट मिळून पीठ आंबवतात. जिवाणू आंबटपणा आणतात, आणि जिवाणूंचे काही प्रकार व यीस्ट कार्बन डायॉक्साइड सोडतात. गूळ त्यांना आयते खाद्य पुरवतो, म्हणून तो रात्रीच वाटणात घालावा. सकाळी घातलेल्या गुळाने पीठ पातळ होते आणि ते पुन्हा ढवळावे लागते, हा दुसरा तोटा.

वाटून झाल्यावर पीठ हाताने मिनिटभर फेटावे, उंच टोपात अर्ध्यापर्यंतच भरावे, झाकण घालून टोपाखाली ताट ठेवावे. हे ताट विसरू नये. मे महिन्यात पीठ पहाटे ओट्यावर आलेले सापडते. वेळ घड्याळाने ठरत नाही, ऋतूने ठरते. मे महिन्यात गोव्यात रात्रीही हवा 26 अंशांच्या खाली फारशी जात नाही. तेव्हा आठ तास पुरतात आणि मीठ रात्रीच घालणे शहाणपणाचे, कारण मिठाने आंबण्याचा वेग थोडा आवरतो. जानेवारीत पणजीचे पहाटेचे तापमान 20 अंशांच्या आसपास उतरते, आतल्या तालुक्यांत त्याहून खाली. तेव्हा बारा ते चौदा तास द्यावेत, मीठ सकाळी घालावे आणि टोप गोधडीत गुंडाळून ठेवावा. पीठ तयार झाले आहे हे ओळखायची खूण अशी : ते दुप्पट वर आलेले असते, पृष्ठभागावर बारीक बुडबुडे असतात आणि झाकण उघडताच आंबूस-गोड वास येतो. वास तिखट, नाकात जाणारा असेल तर वेळ टळून गेली. ते पीठ हिरवी मिरची, कांदा घालून साध्या पोळ्यांसाठी वापरावे.

इथून पुढे सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हात आवरणे. फुगलेले पीठ सकाळी ढवळले की रात्रभराचा वायू दोन मिनिटांत निघून जातो. मीठ घालायचेच असेल तर पळीने कडेने खालून वर एक-दोनदाच उलथावे. पळी वरच्या थरातून भरावी, तळापर्यंत बुडवू नये. मैद्याच्या पॅनकेकलाही हाच नियम लागू आहे, कारण मात्र वेगळे. तिथे जास्त ढवळल्याने ग्लुटेन ताणले जाते आणि पॅनकेक चिवट होतो, म्हणून त्या पिठात थोड्या गुठळ्या राहू देतात. पॅनकेकमध्ये वायू पुरवते ती बेकिंग पावडर. 1843 मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषध विक्रेत्याने ती तयार केली, कारण त्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नव्हते. रात्रभराचे काम ही पूड दहा मिनिटांत करते, पण आंबवण्याने येणारी चव तिच्यात नाही.

ज्यांना शनिवारी तांदूळ भिजवायला जमले नाही ते तांदळाच्या पिठात ताक, भिजवलेले पोहे आणि पाव चमचा सोडा घालून झटपट सुरनळी करतात. ताकातले आम्ल आणि सोडा यांच्या संयोगाने लगेच वायू सुटतो आणि जाळीही पडते. पाहुणे दारात असतील तर यात काही गैर नाही. फक्त गोड सुरनळीत सोडा जपून घालावा : ताकाला पुरून उरेल इतका सोडा पडला तर हळद तांबूस होते आणि पिवळ्या सुरनळीवर विटकरी डाग उमटतात. हळदीतला करक्युमिन अल्कलीत रंग बदलतो, त्याचा हा परिणाम. डाग दिसले तर सोडा जास्त झाला, हे चव घेण्याआधीच समजावे.

भाजणे. बिडाचा जाड तवा सर्वांत चांगला. पातळ तव्यावर गुळामुळे खालची बाजू करपते आणि वर कच्चे राहते. तवा मध्यम आचेवर नीट तापवावा. पाण्याचा थेंब टाकला तर तो चटकन नाचून उडाला पाहिजे. अर्धा कांदा किंवा नारळाची शेंडी तेलात बुडवून तवा पुसावा. तेलाचे तळे नको, नाहीतर खाली डाग डाग पडतात. एक मोठी पळी पीठ मध्यभागी ओतावे आणि पळी उचलून घ्यावी. पीठ आपले आपण लहान ताटलीएवढे पसरते. डोशासारखी पळी फिरवली की बुडबुडे मोडलेच.

झाकण लगेच घालू नये. पहिल्या अर्ध्या मिनिटात तळाचा ताप वर चढतो, वायू आणि वाफ वाट काढतात आणि पृष्ठभागावर एकेक छिद्र उघडू लागते. ते पाहत उभे राहण्यात मोठा आनंद आहे, आणि घरातली मुले याच वेळी तव्याभोवती जमतात. छिद्रे उघडून कडा कोरड्या दिसू लागल्या की आच मंद करून झाकण घालावे. आता वरची बाजू वाफेवर शिजते आणि स्टार्च घट्ट होऊन छिद्रे तशीच टिकतात. दोन-तीन मिनिटांत सुरनळी होते. झाकण दर वेळी पुसावे, कारण त्यावरून टपकलेल्या पाण्याने जाळी बुजते आणि तिथे चिकट डाग राहतो. उलटायची नाही. खालची बाजू तांबूस-सोनेरी, वरची मऊ आणि छिद्रांनी भरलेली, असे तिचे रूप आहे. उलटली तर हेच रूप दडपले जाते. पहिली सुरनळी बहुधा बिघडते, तव्याचा ताप अजून स्थिर झालेला नसतो. तिच्यावरून आच किती ठेवायची ते ठरवावे.

काढलेल्या सुरनळ्या गरम असताना एकावर एक रचू नयेत. वाफ अडकून खालची ओली होते. केळीच्या पानावर किंवा सुती फडक्यावर सुट्या पसराव्यात आणि दोन मिनिटांनी जाळीची बाजू जाळीला लावून जोडीने ठेवाव्यात.

गोड सुरनळीवर घरचे पांढरे लोणी घालावे. ते छिद्रांतून आत उतरते, आणि जाळी एवढ्या जपणुकीने का मिळवायची ते त्या घासाला कळते. माडाचा गूळ मिळाला तर थोड्या पाण्यात वितळवून, गाळून पाक करावा. हा गूळ माडाच्या सुरापासून होतो : रेंदेर (सूर काढणारा) माडावर चढून पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, कापतो, थेंब थेंब सूर गोळा होतो, तो आंबण्याआधी आटवावा लागतो. रेंदेरांची संख्या घटल्याने खरा माडाचा गूळ आता शोधून आणावा लागतो, आणि त्याची किंचित धुरकट, खारट झाक उसाच्या गुळाला येत नाही. पिकलेल्या केळ्यांच्या चकत्या किंवा नारळाच्या दुधात गूळ-वेलची घालून केलेला रसही चालतो. साध्या सुरनळीबरोबर ओल्या खोबऱ्याची चटणी किंवा मिस्कुट (कैरीचे लोणचे) घ्यावे. पावसाळ्यात, बाहेर धो धो पडत असताना, गरम सुरनळी आणि मिस्कुटाची फोड ही जोडी गोडाहूनही सरस आहे, असे या नोंदीच्या लेखकाचे मत आहे.

सुरनळी ही मुख्यतः घरची. पीठ फुगण्याची वेळ धरून ती करावी लागते, तव्यावर एकेक होते आणि तासाभरात तिचा लुसलुशीतपणा उतरू लागतो. हॉटेलच्या गल्ल्याला ही चाल परवडत नाही. उरलेले पीठ फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत चांगले राहते, मात्र जाळी कमी पडते. थंड झालेली गोड सुरनळी तव्यावर थोड्या तुपात पुन्हा गरम केली की खालची बाजू कुरकुरीत होते, आणि सोमवारी मुलांच्या डब्यात ती तशीच जाते.