कळांच्या वेळी उशाशी कोण?

सातारा-सांगलीकडे पहिलं बाळंतपण माहेरी, हा शिरस्ता अजून टिकून आहे. पण कळा सुरू झाल्या की आई, मावशी, काकू दवाखान्याच्या आतल्या दारापर्यंतच पोचतात. पूर्वी जावळी-पाटणच्या डोंगरवस्त्यांवर सुईण रात्रभर उशाशी बसायची. दवाखान्यांमुळे जीव वाचू लागले, ते बसणं मात्र गेलं. डूला म्हणजे तेवढ्यासाठीच असलेली प्रशिक्षित बाई.

शब्द ग्रीक, अर्थ सेविका. डूला आतून तपासत नाही, बीपी मोजत नाही, इंजेक्शन देत नाही आणि सिझर करायचं की नाही यात पडत नाही. पहिल्या कळांपासून बाळ अंगावर पिईपर्यंत उठून न जाणं, हेच तिचं मुख्य काम. सिस्टरला एकाच वेळी अनेकींकडे पाहावं लागतं, तिला हे जमणं कठीण.

नुसत्या सोबतीने काय होतं? अमेरिकेत ह्यूस्टनला 616 पहिलटकरणींवर केलेला अभ्यास 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या पद्धतीत 18 टक्के सिझर झाली, डूला असताना 8 टक्के. मजेची गोष्ट तिसऱ्या गटाची: तिथे एक बाई नुसती बाजूला बसून नोंदी करत होती, बोलतही नव्हती, तरी आकडा 13 वर आला. पुढे 2017 मध्ये 17 देशांतल्या जवळपास 16,000 बायकांवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा अखंड सोबतीने सिझर सुमारे पाव हिश्शाने कमी झालेली दिसली. कळांचा काळ सरासरी 40 मिनिटांनीच घटला होता. ‘च’ आपला, कळा सोसणारीचा नाही.

भीतीने अ‍ॅड्रिनलिन हे ताणाचं संप्रेरक वाढतं, गर्भाशयाचा रक्तपुरवठा घटतो, कळा मंदावतात. ओळखीचा आवाज आणि हात मिळाला की ही साखळी सैल होते.

बाकीचं काम हाताचं. बाळाच्या डोक्याची मागची बाजू आईच्या पाठीकडे असेल तर कंबर फुटल्यासारखी दुखते. अशा वेळी मनगटालगतच्या तळव्याने माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर कळ असेपर्यंत घट्ट दाबून धरायचं आणि कळ ओसरली की सोडायचं. घरच्या बायका तिथे हळुवार चोळतात, त्याचा फारसा उपयोग होत नाही. दर दोन तासांनी लघवीची आठवण द्यायची, कारण भरलेली लघवीची पिशवी डोकं खाली सरकू देत नाही. उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो, म्हणून कुशीवर वळवायचं; डॉक्टरांची ना नसेल तर चालवायचं.

सर्वांत मोठी चूक म्हणजे लवकर ‘जोर दे, जोर दे’ करणं. गर्भपिशवीचं तोंड 10 सेंटिमीटर उघडण्याआधी जोर लावला तर ताकद वाया जाते, तोंडाला सूजही येऊ शकते. वरून पोट दाबणं तर नकोच. त्याने गर्भाशय फाटण्याचा धोका असतो.

पहिलटकरणीला पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर आल्या की निघायचं, असा ढोबळ हिशोब आहे. वस्ती लांब असेल, घाटात पाऊस असेल तर एवढं थांबू नये. रक्त जाणं, हिरवट पाणी, डोळ्यांपुढे अंधारी, बाळाची हालचाल मंदावणं, यांतलं काहीही दिसलं तर सरळ 108. इथे ‘थोडं थांबून पाहू’ म्हणणारी डूला धोक्याची.

पगारी डूला आपल्याकडे गावोगाव मिळत नाही. पण सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला केंद्राने फेब्रुवारी 2016 मध्येच मान्यता दिली आहे. अटी साध्या: शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली नात्यातली बाई हवी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, पूर्ण वेळ थांबायची तयारी हवी आणि तिने दुसऱ्या बाईला हात लावू नये. सातव्या-आठव्या महिन्यातच तिला तपासणीला बरोबर न्यावं, दवाखान्यात विचारून ठेवावं. मान मोठा म्हणून निवड करू नये. स्वतःच्या अवघड बाळंतपणाच्या कहाण्या सांगणारी आजी बाहेर बसलेलीच बरी.

बाळ बाहेर आलं तरी पहिला तास सोबतिणीचाच. बाळ आईच्या छातीवर राहील, त्याच तासात अंगावर पिईल, हे पाहायचं. आणि मधाचं बोट घेऊन दारात उभ्या असलेल्या आत्याबाईंना गोड बोलून थोपवायचं.