सेल्फची परवानगी आणि रिव्हर्सचा उजेड

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका शेडमध्ये माझ्या मित्राची जुनी पिकअप गाडी गेल्या पावसाळ्यापासून दुरुस्तीला उभी आहे. गुळाच्या ढेपा वाहून वाहून तिचा हौदा झिजला आहे. महिन्यापूर्वी मित्राने खिडकीतून हात घालून सहज चावी फिरवली, गाडी पहिल्या गिअरमध्ये होती, आणि क्षणात ती हातभर पुढे उसळून व्हाइसच्या टेबलावर आदळली. टेबलामागे त्या वेळी कोणी उभे नव्हते, एवढेच नशीब. त्याच दिवशी गाडीला क्लच दाबल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा सुरक्षा स्विच बसवायचा आणि मूळच्या गाडीत नसलेले रिव्हर्स लाइटही लावायचे, असे ठरले.

गाडी उसळते याचे कारण सेल्फच्या, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या विजेच्या मोटरच्या, ताकदीत आहे. सेल्फचे लहान दातेरी चाक (पिनियन) इंजिनाच्या जड चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, मोठ्या दातेरी कड्यात अडकते आणि बॅटरीतून शंभर ते दोनशे अँपिअर प्रवाह घेऊन संपूर्ण इंजिन फिरवते. गिअर पडलेला असेल आणि क्लच दाबलेला नसेल, तर तीच फिरकी गिअरबॉक्समधून थेट चाकांपर्यंत पोहोचते. इंजिनाने त्यात पेट घेतला, तर चावी सोडूनही गाडी थांबत नाही. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा सेल्फ आला. त्याआधी हँडल मारणाऱ्याला गिअर न्यूट्रलमध्ये आहे का, हे हाताने चाचपूनच पुढे जावे लागे. चावीने ते चाचपणे सुटले, आणि सुरक्षा स्विच तेच काम माणसाच्या वतीने करतो.

हा इवलासा स्विच दोनशे अँपिअर कसे अडवणार, असा प्रश्न साहजिकच पडतो. तो ते अडवत नाही. तो फक्त परवानगी देतो. सेल्फचा जाड प्रवाह सोलेनॉइडमधील, म्हणजे सेल्फच्या विद्युतचुंबकी स्विचमधील, तांब्याचे भक्कम संपर्क जोडले गेल्यावरच वाहतो. ते संपर्क ओढणाऱ्या कॉइलला दहा-वीस अँपिअर, काही वेळा त्याहूनही अधिक प्रवाह लागतो. एवढा प्रवाहही पेडलजवळच्या स्विचचे संपर्क जाळू शकतो, म्हणून मध्ये रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा स्विच, घालावा. रिलेच्या कॉइलचा रोध साधारण ८० ओहम धरला, तर १२ व्होल्टला तिच्यातून अवघा ०.१५ अँपिअर प्रवाह जातो. क्लचचा स्विच एवढाच भार सांभाळतो.

आता खरा विचार करण्याची जागा येते. क्लचचा स्विच रिलेच्या कॉइलच्या आधी, म्हणजे चावीकडून येणाऱ्या वायरमध्ये घालता येतो, किंवा कॉइलनंतर, म्हणजे अर्थच्या (गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणाऱ्या) बाजूला. दोन्ही प्रकारे गाडी चालू होते आणि काम सारखेच दिसते. मात्र स्विच अर्थच्या बाजूला असेल आणि कॉइलपासून स्विचकडे जाणारी वायर पत्र्याला घासून सोलली, तर पत्राच अर्थ असल्यामुळे कॉइलचे मंडल पूर्ण होते आणि क्लच न दाबताही सेल्फ फिरतो. बिघाड झाल्याचे कोणाला कळतही नाही. स्विच आधी घालून त्याच्याही आधी फ्यूज ठेवला, तर तीच वायर सोलल्यावर फ्यूज उडतो आणि गाडी सुरूच होत नाही. गाडी सुरू न होणे हा त्रास आहे, पण ती न सांगता उसळणे हा धोका आहे, म्हणून अर्थच्या बाजूची जोडणी कितीही सोपी वाटली तरी ती करू नये, असे माझे ठाम मत आहे.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या जुन्या अमेरिकन पिकअपमध्ये ही दोन्ही कामे अनेकदा एकाच स्विचमध्ये असतात: दांडी पार्क किंवा न्यूट्रलवर असेल तरच सेल्फचे मंडल जुळते आणि रिव्हर्सवर नेली की मागचे दिवे लागतात. आपल्याकडच्या हाताने गिअर टाकायच्या गाड्यांत रिव्हर्सचा स्विच गिअरबॉक्सवर वेगळा असतो. रिव्हर्स पडला की आतला दांडा त्याची गोळी दाबतो.

या दिव्यांचा हिशेब सोपा आहे. २१ वॉटचे दोन बल्ब मिळून १२ व्होल्टला साडेतीन अँपिअर घेतात. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या पाच मीटर तांब्याच्या वायरीत त्यामुळे जेमतेम ०.३ व्होल्ट जातात. अमेरिकन पिकअप १९५५-५६ च्या सुमारास सहा व्होल्टवरून बारावर आल्या. त्याआधीच्या गाडीत तेवढ्याच वॉटला दुप्पट प्रवाह लागतो आणि वायरही जाड घ्यावी लागते.

तरीही आमचा डावा दिवा निखाऱ्यासारखा मिणमिणत होता. दिवा चालू ठेवून मीटर लावला, तेव्हा बॅटरीवर १२.४ व्होल्ट आणि होल्डरच्या वायरीवर ११.९ व्होल्ट होते, म्हणजे येणाऱ्या वाटेत फारसे काही हरवत नव्हते. मग मीटरचे एक टोक होल्डरच्या पत्र्याला आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला लावले. तेथे शून्याच्या जवळपास यायला हवे होते, पण २.६ व्होल्ट आले. बल्बच्या वाट्याला ९.३ व्होल्टच उरत होते. बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घटतो. व्होल्टेज दहा टक्के उतरले, तर उजेड सुमारे तीस टक्के जातो. आमचा दिवा निम्म्याहूनही कमी उजेड देत होता.

दोष हौद्याच्या बोल्टखाली होता. जुन्या पिकअपचा हौदा अनेकदा चॅसिसवर लाकडी पट्ट्यांवर ठेवून बोल्टने आवळलेला असतो, त्यामुळे परतीचा प्रवाह केवळ त्या बोल्टांतून जातो. कोल्हापूरच्या पावसाने तेथे गंज धरला होता आणि त्यावर नव्या रंगाचा थर बसला होता. रंग वीज वाहू देत नाही, ही गोष्ट हौसेने गाडी रंगवताना हमखास विसरली जाते. बोल्ट काढून पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) बसवून ग्रीस लावले आणि हौद्यापासून चॅसिसला एक स्वतंत्र अर्थची वायर टाकली. मीटरवर ०.१ व्होल्ट आला, आणि शेडच्या मागच्या भिंतीवरच्या विटा मोजता येतील इतका पांढरा उजेड पडला.

शेवटी चाकांना पुढून-मागून दगड लावले, हँडब्रेक ओढला, इंजिन पेट घेऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची वायर काढून ठेवली, कोणालाही गाडीपुढे उभे राहू दिले नाही, आणि मित्राने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून क्लच न दाबता चावी फिरवली. रिलेचा टकटक आवाजसुद्धा आला नाही. मग त्याने क्लच दाबला आणि सेल्फ फिरला.