कमी उजेडातले फोटो का बिघडतात?

संध्याकाळी घरात काढलेले बिघडलेले फोटो एकत्र पाहिले, तर बहुतेक दोष तीन प्रकारांत मोडतात. चेहरे हललेले असतात, सावलीच्या भागात रंगीत दाणे दिसतात, किंवा सगळ्यांच्या अंगावर पिवळी झाक असते. पहिल्या दोन दोषांचं मूळ एकच आहे: सेन्सरपर्यंत, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागापर्यंत, पुरेसा उजेड पोचलेला नसतो. हा उजेडाचा हिशोब समजला की कॅमेऱ्यावरची निम्मी बटणं कशासाठी आहेत ते कळतं.

सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल त्याच्यावर पडलेले फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, मोजत असतो. फोटॉन ठरावीक अंतराने येत नाहीत. त्यामुळे एकाच रंगाच्या भिंतीचा फोटो घेतला तरी शेजारच्या दोन पिक्सेलना मिळणारी संख्या सारखी नसते. हा चढउतार सरासरी संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. पिक्सेलला १०,००० फोटॉन मिळाले तर फरक साधारण १००चा, म्हणजे १ टक्का. डोळ्याला तो जाणवत नाही. पण १००च फोटॉन मिळाले तर फरक १०चा, म्हणजे थेट १० टक्के, आणि गुळगुळीत भिंत दाणेदार दिसू लागते. यालाच नॉइज म्हणतात.

आयएसओचा, म्हणजे फोटो किती उजळ करून दाखवायचा ते ठरवणारा, आकडा या बाबतीत उगाच बदनाम झाला आहे. आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर एक फोटॉनही जास्त किंवा कमी पडत नाही; जे मोजलं गेलं ते फक्त उजळ करून दाखवलं जातं. आयएसओ ३२००वर दाणे दिसतात, कारण तिथे कॅमेरा आयएसओ १००च्या मानाने बत्तिसाव्या हिश्श्याइतक्या उजेडावर काम भागवतो. म्हणून आयएसओ मुद्दाम कमी ठेवून काळपट फोटो काढायचा आणि तो नंतर संगणकावर उजळायचा, यात काहीच हाती लागत नाही. फोटॉन तेवढेच राहतात आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत दाणे उलट वाढतात.

दाणे आणि हललेपणा यांत निवड करायची वेळ आली तर बेधडक दाणे पत्करा. दाणे सॉफ्टवेअरने बरेच कमी होतात, लहान आकारात छापले तर दिसतही नाहीत. हललेला चेहरा मात्र परत जुळत नाही. बसून बोलणाऱ्या माणसासाठी शटर, म्हणजे सेन्सरवर उजेड पडू देण्याची वेळ, १/१२५ सेकंद ठेवा, धावणाऱ्या मुलासाठी १/५००, वेगवान खेळासाठी १/१०००. हात थरथरतो त्याचा हिशोब वेगळा: लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा) जितकी, त्याच्या व्यस्ताइतका तरी शटरचा वेग हवा. लहान सेन्सरच्या, म्हणजे एपीएस-सी कॅमेऱ्यावर आधी दीडपट करायची. अशा कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स असेल तर १/८०च्या खाली हातात धरून जाऊ नये. लेन्समधलं किंवा कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन फक्त हाताची थरथर सांभाळतं. समोरचं मूल हललं तर ते काहीच करू शकत नाही. ते समोरच्याची हालचालही थांबवतं, हा गैरसमज फार फोटो वाया घालवतो.

एक उदाहरण आकड्यांतच पाहू. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणारी लेन्स, ५५ मिमीवर आहे, ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र; आकडा लहान तितकं ते मोठं) एफ/५.६, आयएसओ ४००, आणि कॅमेरा शटर १/१५ दाखवतो. आपल्याला १/१२५ हवं, म्हणजे उजेडाची वेळ आठव्या हिश्श्यावर येणार. ती तूट अशी भरायची: झूम मागे घेऊन माणसाजवळ जायचं, म्हणजे ॲपर्चर एफ/४ मिळतं आणि उजेड दुप्पट होतो. आयएसओ ४००वरून १६०० केला की उरलेली चौपट भरून निघते. मात्र चेहरा दीड मीटरपेक्षा जवळून घेऊ नका, नाक मोठं आणि कान लहान दिसतात.

पण कॅमेऱ्यावरच्या चक्रीला हात लावण्याआधी माणसाला हलवून पाहा. साध्या बल्बपासूनचं अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. तेच काम करायला आयएसओ ३२०० लागत असेल तर आता ८०० पुरतो. दिवसा खोलीत फोटो घ्यायचा असेल तर खिडकीजवळ, खिडकीकडे थोडा तिरका चेहरा करून बसवा आणि घरातले दिवे बंद करा. खिडकी पाठीमागे घेतली तर चेहरा काळा पडणारच, आणि त्यामागे मीटरची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या यंत्रणेची, एक सवय आहे.

कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे असं धरून चालतो. बर्फ किंवा पांढरी भिंत असली की तो ती करडी करतो. काळ्या कपड्यातला माणूस असला की कपडा धुरकट करून टाकतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेला उजेड स्वतः कमी-जास्त करण्याची सोय, याच्यासाठीच असतं. पांढऱ्या दृश्यात +१ ते +१.७, काळ्यात −१ पासून सुरुवात करा. वाढवताना हिस्टोग्रामवर, म्हणजे डावीकडे काळे आणि उजवीकडे पांढरे पिक्सेल किती ते दाखवणाऱ्या आलेखावर, नजर ठेवा. आलेख उजव्या भिंतीला चिकटून उंच झाला, तर ते पिक्सेल काठोकाठ भरले आणि तिथला तपशील गेला. नंतर काळोखी वाढवून तिथे फक्त सपाट राखाडी डाग मिळतो.

लाल फूल हा यातला खास सापळा आहे. एकत्रित हिस्टोग्राम व्यवस्थित दिसतो, तरी पाकळ्यांच्या शिरा गायब होतात आणि फूल रंगाच्या गोळ्यासारखं येतं. कारण सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाच्या फिल्टरखाली असतो. निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे, अशी ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांनी केली. तिचं पेटंट १९७६चं आहे. लाल फुलात हिरवे-निळे पिक्सेल जवळपास रिकामे राहतात आणि लाल तेवढे ओसंडतात. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचे वेगळे आलेख दिसण्याची सोय असेल तर ती चालू करा. लाल आलेख भिंतीला टेकला की −०.७ करून पुन्हा फोटो घ्या. रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद ठेवणाऱ्या फाइलमध्ये, काढत असाल तर थोडी सवलत मिळते: जेपीईजी या नेहमीच्या फाइलीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४.

पिवळी झाक सगळ्यांत सोपी. जुन्या धाटणीच्या बल्बचा उजेड २,७०० ते ३,००० केल्विनचा (उजेडाच्या रंगाचं माप; आकडा लहान तितका उजेड पिवळा) असतो, दुपारच्या उन्हाचा साधारण ५,५००चा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार पांढरा रंग जुळवणारी सोय, ऑटोवरून बल्बच्या खुणेवर आणा, झालं. खिडकी आणि बल्ब दोन्हींचा उजेड एकाच चेहऱ्यावर पडत असेल तर मात्र कुठलाच आकडा जुळत नाही. एक उजेड बंद करा.

एलईडीच्या उजेडात आडवे पट्टे आले तर दोष बहुतेक वेळा दिव्याच्या लुकलुकण्याचा असतो. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, त्यामुळे शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. ६० हर्ट्झ असेल तिथे १/६० किंवा १/१२०. सायलेंट (बिनआवाजी) शटर बंद करा.

फोटो अस्पष्ट आला की कारण आधी शोधा, त्यासाठी तो पूर्ण मोठा करून पाहा. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर हात हलला. मागची खुर्ची स्वच्छ आणि माणूसच ओढलेला असेल तर माणूस हलला. खुर्ची धारदार पण माणूस नुसताच मऊ दिसत असेल तर फोकस चुकला. फोकसचा एकच बिंदू निवडून तो जवळच्या डोळ्यावर ठेवा आणि बटण अर्धं दाबून खात्री करा. एफ/१६ किंवा एफ/२२ वर काढलेला फोटो सगळीकडे सारखाच मऊ असेल तर ते विवर्तन, म्हणजे छोट्या छिद्रातून जाताना उजेडाचं पसरणं, आहे. एफ/१६ला एका बिंदूची प्रतिमा सुमारे २१ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चकतीत पसरते, आणि २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरचा पिक्सेल जेमतेम ४ मायक्रॉनचा असतो. एफ/८वर या.

समोरची वस्तू हलणारीच नसेल, म्हणजे इमारत, भांडं, चित्र, तर कमी उजेडाची अडचणच उरत नाही. ट्रायपॉड लावा, आयएसओ १००, ॲपर्चर एफ/८, आणि शटर मीटर म्हणेल तितकं, अगदी चार सेकंदसुद्धा. बटण दाबताना कॅमेरा हलतो म्हणून २ सेकंदांचा टायमर वापरा. स्टॅबिलायझेशन बंद करायला विसरू नका. काही लेन्समधलं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर स्वतःच प्रतिमा सरकवतं.